गुडघ्यावर बांधलेला बो

आमच्या ह्यांना ‘नाही’ हा शब्द लहानपणी कुणी शिकवलाच नाही. शिकवला असता तर माझे निम्मे कष्ट वाचले असते.

मला बघायला आले होते तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, "शेतीतलं काही येतं का?" हे म्हणाले, "होईल की." लग्नानंतरच्या उन्हाळ्यात वडिलांनी मोठ्या हौसेनं वखर हातात दिला, तर बैल एका दिशेला आणि जावई दुसऱ्या. पुढं पुण्याला आलो, वारज्याचं हे घर झालं, रंगारी बोलवायचा तर खर्च. मी सहज म्हटलं, "तुम्हाला जमेल का हो?" "होईल की." आमचं स्वयंपाकघर आजही ओट्यापर्यंत एका रंगाचं आणि वर दुसऱ्या रंगाचं आहे. आलेली पाहुणी मंडळी विचारतात, "डिझाइन केलंय का?" आणि हे मान डोलावतात.

एक गोष्ट मात्र ह्यांना खरोखर येते, आणि तीही अशी की वडिलांनी तेव्हा विचारलीच नव्हती. ती म्हणजे फेटा बांधणं. अकोल्याकडे मामांच्या हाताखाली शिकले. भोसरीच्या कारखान्यात होते तोवर गणपतीत ढोलपथकातल्या पोरांना हौसेनं बांधून द्यायचे. कारखाना बंद झाला आणि हौस होती तिचाच धंदा झाला. दशरथ गावंडे फेटेवाले. लग्नाच्या मोसमात घरात पाय ठेवायला जागा नसायची. खळ घातलेली कापडं दोरीवर, खुर्चीवर, माझ्या पोळपाटावरसुद्धा. हातात मात्र जादू आहे, ते मी नाकारत नाही. समोरच्याच्या डोक्याकडे एकदा बघतात आणि पहिला वेढा बसतो तो शेवटपर्यंत हलत नाही. तुरा असा उभा राहतो की नवरदेव आपोआप ताठ चालायला लागतो. पण सवय वाईट. रिक्षात बसले तरी रिक्षावाल्याचं डोकं मागून मापत बसतात. एकदा तर मयताला गेलो होतो तिथं... जाऊ दे, देवाचं नाव घेऊन हे सगळं लिहायला वही उघडली आहे, ते लिहीत नाही.

मग आले तयार फेटे. टोपीसारखे उचलायचे, डोक्यावर ठेवायचे, रात्री काढून खोक्यात भरायचे. ह्यांची कामं एकेक करून गळत गेली. गेल्या मोसमात तर कपाटातली कापडं मी ऊन दाखवण्यापुरतीच बाहेर काढली.

माझा भाऊ श्याम खराडीला एका मोठ्या सोसायटीत सुपरवायझर आहे. तो दिवाळीपासून मागं लागला होता. "दाजी, गेटवर जागा होतेय. बसून काम, सावलीत काम, पगार महिन्याच्या महिन्याला."

"गेटवर काय करायचं?"

"गाड्यांचे नंबर लिहायचे, डिलिव्हरीवाल्यांना विचारायचं कुठल्या फ्लॅटला जाताय."

"आणि हातांनी काय करायचं?"

श्याम माझ्याकडे बघायला लागला. मी मेथी निवडत होते, ती निवडत राहिले. खरं सांगायचं तर मला ती नोकरी हवी होती. महिन्याच्या महिन्याला हे शब्द किती गोड असतात ते फेटेवाल्याच्या बायकोला विचारा.

अशात पूर्वाचा फोन आला. ही पूर्वा म्हणजे लग्नाचे कार्यक्रम ठरवून देणारी मुलगी. तिच्या कामांतले फेटे एके काळी सगळे ह्यांच्याकडे असायचे. हे फोन नेहमी स्पीकरवर घेतात, म्हणजे साऱ्या चाळीला कळावं.

"काका, एक इव्हेंट आहे, खडकवासल्याच्या रस्त्याला, लॉनवर. पण रिसेप्शनला फेटे नाहीयेत हां. बॉईज सगळे सूटमध्ये. त्यांना कुणालाच टाय बांधता येत नाही. आणि ग्रूमला सेल्फ-टाय बो पाहिजे, गळ्यात हातानं बांधायचा, रेडिमेड चालणारच नाही म्हणतो. तुमच्या ओळखीत आहे का कुणी?"

"कुणी कशाला? मी आहे की."

"काका, तुम्हाला टाय येतो?"

मी हातातली जुडी खाली ठेवली. येणार ते शब्द मला माहीत होते, देवघरातल्या देवीलाही माहीत होते.

"होईल की."

"ग्रेट! हे नीट झालं ना, तर पूर्ण सीझनचं ड्रेसिंगचं काम तुमच्याकडे. नाही झालं तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल, आधीच सांगते."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आयुष्यात कधी टाय घातलाय?"

"लग्नात घातला होता."

"तो इलॅस्टिकचा होता. श्यामनं मागून ओढून सोडला होता आणि तुम्ही मांडवात ओरडला होतात."

"अगं, शेवटी कापडच ना? मी फेट्याचं एवढं लांब कापड डोक्यावर नाचवतो. टाय म्हणजे त्याचं चिंधुक."

संध्याकाळी श्याम आला तेव्हा विषय निघालाच. तो वैतागला होता, आणि त्याचंही बरोबर होतं. "दाजी, तिकडं माणसं रांगेत उभी आहेत. सोमवारी सकाळी मला होय की नाही ते सांगा. मग माझ्या हातात काही नाही."

हे म्हणाले, "रविवारी रिसेप्शन आहे. जमलं तर माझं काम माझ्याजवळ. नाही जमलं तर सोमवारी तुझ्याबरोबर येतो. शिट्टी तूच दे."

असं ठरलं. रात्री देवापुढं मी हात जोडले. माहूरच्या रेणुकामातेला म्हटलं, टाय जमला तर तुझी खणानारळानं ओटी भरीन. मग जरा थांबले आणि म्हटलं, नाही जमला आणि श्यामची नोकरी लागली, तरी भरीन. आईला वाटलं असेल, हिला नक्की पाहिजे काय? मलाच कळत नव्हतं तर तिला काय सांगणार.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं ते मी शत्रूच्या घरीही मागणार नाही.

आमची मुलगी प्रियदर्शनी हिंजवडीला कंपनीत आहे. तिनं ऑफिसातल्या मित्रांकडून तीन टाय आणि एक बो मागून आणले आणि बापाला मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. "बाबा, हे बघा. चार प्रकार तुम्हाला लागतील. फोर-इन-हँड, हाफ विंडसर, फुल विंडसर आणि बो."

ह्यांना इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून ह्यांनी आपली नावं ठेवली. पहिली गाठ एका बाजूला कलते, ती ‘तिरकी’. दुसरी जरा बरी दिसते, ती ‘मधली’. तिसरी चांगली पोट सुटल्यासारखी रुंद, ती ‘सावकार’. आणि बो म्हणजे ‘फुलपाखरू’. दिवसभर घरात हेच. "तिरकी झाली, आता सावकाराकडे जातो." शेजारीण दारातून विचारून गेली, "काय वहिनी, कर्ज काढताय का?"

व्हिडिओतला माणूस उजवा हात म्हणायचा आणि आम्हाला डावा दिसायचा. हे आरशासमोर उभे राहायचे, मग आरशातलं उजवं, व्हिडिओतलं उजवं आणि स्वतःचं उजवं अशी तीन उजवी जमायची आणि टायची गाठ मानेच्या मागं जाऊन बसायची. "काऊन असं होतं बापा," असं म्हणत पुन्हा पहिल्यापासून. वैतागले की ह्यांच्या तोंडात अजून अकोला येतं.

आरसा नको म्हणून माणूस शोधायला लागले. माणूस म्हणजे मी. मी कुकर लावत असताना मागून गळ्यात टाय. फेट्याला शेवटचा वेढा गच्च ओढून बसवतात, ती हाताची सवय. त्या सवयीनं ह्यांनी सावकार ओढला आणि माझ्या डोळ्यांपुढं सगळे देव एकदम उभे राहिले.

"अहो! सोडा! मला मारता का?"

"ढिला ठेवला तर घसरतो."

"घसरू दे! माझ्या डोक्यावर कुणी फेटा बांधत नाहीये, ही मान आहे!"

मी नाही म्हटल्यावर प्रियदर्शनीची पाळी. ती बिचारी सकाळी डबा भरतेय, एका पायात सँडल, आणि बाप गळ्याशी. "बाबा, माझी बस!" "झालंच. फुलपाखराचा एकच पंख राहिलाय." त्या दिवशी ती गळ्यात अर्धवट बो घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढली. संध्याकाळी म्हणाली, "आई, एकानं मला विचारलं, आज फॅन्सी ड्रेस आहे का."

ह्याच्यावर कळस झाला तो गुरुवारी. मी देवळातून आले तर गॅसवर पातेलं, पातेल्यात पांढरी खळ आणि दोरीवर तीन टाय. ओले. निथळणारे.

"हे काय केलंत?"

"कापड लुळं होतं. लुळ्या कापडाला गाठ धरत नाही. खळ घातल्याशिवाय मी आजवर एक कापड गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावलं नाही."

"ते रेशमी आहेत! लोकांच्या पोरांचे आहेत!"

"मग काय झालं? कडक दिसतील."

वाळल्यावर कडकच दिसले. एकेक टाय भिंतीला टेकवून उभा राहील असा. ह्यांनी एकाला ‘तिरकी’ घालायचा प्रयत्न केला तर तो मध्ये मोडून तसाच राहिला, वाळवणातल्या कुरडईसारखा. प्रियदर्शनीनं ते टाय बघितले, आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "बाबा, मी आता कुणाला काय सांगू?" हे दाराशी जाऊन म्हणाले, "सांग, इस्त्री करायची गरज नाही."

मला हसूही आलं नाही. पातेलं घासताना मी मनातल्या मनात ह्यांना गेटवर उभं केलं, निळा शर्ट घातला, हातात वही दिली. चित्र छान दिसत होतं. फक्त त्या चित्रात ह्यांचे हात कुठं ठेवायचे ते मला कळेना.

टाय हळूहळू जमले, हे मान्य करते. प्रियदर्शनीनं नवे दोन आणून दिले, पातेल्याला हात न लावण्याची शपथ घालून. तिरकी जमली, मधली जमली, सावकारही श्वास घेऊ द्यायला लागला. पण फुलपाखरू काही बसेना. एक पंख वर, एक खाली, कधी दोन्ही एकाच बाजूला. एका सकाळी मी देवपूजेला बसले तर देवीचा खण जागेवर नाही. खण ह्यांच्या गळ्यात होता.

मी आवाज चढवला नाही. मी आवाज चढवत नाही तेव्हा ह्यांना जास्त भीती वाटते. "तो खण काढा, हात धुवा, माझ्यासमोरून जा," एवढंच म्हटलं.

हे मुकाट्यानं पलंगावर जाऊन बसले. शनिवार होता. रविवारी रिसेप्शन, सोमवारी श्याम. मी आरती म्हणत होते, पण डोळे तिकडेच. तोंड उतरलेलं, खांदे पडलेले. एवढ्या वर्षांत मी ह्यांना असं एकदाच बघितलं होतं, कारखान्याचं गेट बंद झालं त्या दिवशी.

कुणी गिऱ्हाईक घरी येऊ शकत नसेल तर हे त्याचा फेटा स्वतःच्या गुडघ्यावर बांधून पाठवतात. सगळेच फेटेवाले तसं करतात. गुडघा म्हणजे त्यांचं दुसरं डोकं. रिकामे बसले की ह्यांचा हात आपोआप कापड गुडघ्यावर घालतो. त्या दिवशी हातात प्रियदर्शनीनं आणलेला बो होता. तो ह्यांनी पायजम्यावरून गुडघ्याच्या जरा वर घातला. खाली बघत, एक वेढा, एक घडी, दुसरं टोक आत. आणि माझी आरती ‘घालीन लोटांगण’पर्यंत आली तेव्हा ह्यांच्या मांडीवर फुलपाखरू बसलं होतं. नीट, दोन पंखांचं.

आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"आरसाच नव्हता मध्ये," हे म्हणाले. "खाली बघितलं तर माझं उजवं ते उजवंच."

पुन्हा केलं, पुन्हा जमलं. मग उठून माझ्या समोर उभे राहिले, तर पुन्हा सगळं उलटं. पण आता तोंडावर हसू होतं. त्या फुलपाखराच्या मागच्या पट्टीला हूक होता. "गुडघ्यावर बांधीन, हूक सोडीन, नवरदेवाच्या गळ्यात लावीन. झालं."

"आणि हूक नसला तर?"

"असतोच. होईल की."

रविवारी मीही गेले. पिना, दोरा, रुमाल घेऊन कुणीतरी लागतं. लॉनच्या मागं एक खोली होती, तिथं सगळी सूटवाली पोरं जमलेली. धरणाकडून गार वारा येत होता आणि हे घामाघूम. पण कामाला लागले. बारीक मानेला तिरकी, मध्यमला मधली, आणि नवरदेवाच्या मामांची मान बघून मला ऐकू येईल असं पुटपुटले, "इथं सावकारच पाहिजे." पोरं खूश. पूर्वा दारातून डोकावून अंगठा दाखवून गेली. मी पदराआडून देवीला म्हटलं, चाललंय बरं का.

मग नवरदेव आला. आमोद त्याचं नाव, सरळ वागणारा मुलगा. खिशातून बो काढून ह्यांच्या हातात दिला. "काका, हा बहिणीनं बाहेरून आणलाय. हाच लावायचाय."

ह्यांनी तो उलटापालटा केला. माझ्याकडे बघितलं. मला लगेच कळलं. हूक नव्हता. एक सलग पट्टी. गुडघ्यावर बांधला तर डोक्यातून जाणार नाही, आणि गळ्यात बांधायचा तर समोरून बांधावा लागणार.

हे समोर उभे राहिले. टोकं हातात घेतली, सोडली. परत घेतली. एक वेढा दिला, तो उलटा पडला. बाहेर स्पीकरवर नवरा-नवरीची नावं पुकारायला लागले. नवरदेवाचे वडील आत आले, एक मिनिट बघत उभे राहिले आणि खास आपल्या पुणेरी आवाजात म्हणाले, "तुम्ही बांधायचे पैसे घेता की बघायचे?"

पूर्वाच्या हातात फोन होता. ती कुणाचा तरी नंबर शोधत होती हे मला दिसलं. ह्यांनाही दिसलं.

ह्यांचे हात आमोदच्या गळ्यापाशी तसेच थांबले. फेटा बांधताना जे हात कधी थांबत नाहीत ते.

आता मला सांगा, मी गप्प बसायला हवं होतं. चारचौघांत नवऱ्याला बोलू नये असं आमच्या आईनं शिकवलंय. पण इतक्या दिवसांचा गळ्याला बसलेला फास, पातेल्यातली खळ, देवीचा खण, सगळं एकदम वर आलं आणि मी ओरडले, "अहो, समोर काय उभे राहिलात भुतासारखे! पोरीची वेणी घालताना मी कधी समोर उभी राहिले का?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला भुईत जावंसं वाटलं.

ह्यांनी मात्र लाज बाळगली नाही. त्यांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, आमोदला म्हणाले, "बसा साहेब," आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवरून पुढं आणले आणि वरून खाली बघितलं. नवरदेवाची मान आता ह्यांना स्वतःच्या गुडघ्यासारखी दिसत होती. एक वेढा. एक घडी. दुसरं टोक आत. हलकेच ओढलं, अगदी हलकेच. माझ्या मानेनं ते शिकवलं होतं.

आमोद उठला, आरशात बघितलं. एक पंख दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा होता आणि सगळा बो किंचित कललेला. ह्यांनी लगेच हात पुढं केला, "थांबा, सरळ करतो."

"नको नको, काका!" आमोद मागं सरकला. "असाच पाहिजे होता. अगदी सरळ असला की रेडिमेड वाटतो."

ह्यांनी हात खाली घेतला. पण ‘रेडिमेड’ शब्दाला ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. तयार फेटे आल्यापासून ते मी बघितलं नव्हतं.

नवरदेवाचे वडील बाहेर जाताना आपल्या टायकडे बोट दाखवून म्हणाले, "हाही जरा बघा. सकाळपासून दाबतोय." दुसरं कौतुक नाही. पुण्यात एवढंच मिळतं आणि तेवढं पुष्कळ.

निघताना पूर्वा धावत आली. "काका, सुपर! पुढच्या आठवड्यात साउथ इंडियन फॅमिलीचं लग्न आहे. त्यांच्या पद्धतीनं धोतर नेसवता येतं ना तुम्हाला?"

मी ह्यांच्या तोंडावर हात ठेवणार होते. उशीर झाला.

"होईल की."

सोमवारी सकाळी मी देवीला नैवेद्य दाखवला. ओटीचं सामान आणून ठेवलं होतं; दोन्हीकडून नवस केलेला, आता पळवाट नाही. तेवढ्यात फोन वाजला. श्याम. ह्यांनी फोन उचलला, स्पीकरवर लावला आणि नेहमीप्रमाणे नकार द्यायची वेळ आली तेव्हा माझ्यापुढं धरला. ‘नाही’ म्हणायचं काम ह्या घरात माझं.

"ताई, काय ठरलं? दाजींना पाठवतेस ना?"

ह्या क्षणासाठी मी दिवाळीपासून थांबले होते. महिन्याच्या महिन्याला. सावलीत. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पलंगावर बसले होते, बशीतून चहा पीत, आणि दोन्ही गुडघ्यांवर एकेक फुलपाखरू. मांडीवर माझा जुना दुपट्टा, धोतरासारखा दुमडून बघायला घेतलेला. हात चालूच होते.

"श्याम," मी म्हटलं, "दुसरा माणूस बघ."

"अगं ताई, पण..."

"बघ म्हणते ना! आणि दुपारी जेवायला ये. येताना साउथ इंडियन धोतर कसं नेसतात ते कुणाला येत असेल तर विचारून ये."

फोन ठेवला. ह्यांनी बशी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "दुपट्टा जरा लुळा आहे गं. थोडी खळ..."

मी पातेलं उचलून देवघरात, देवीच्या शेजारी नेऊन ठेवलं. तिथून काढायची हिंमत ह्यांच्यात नाही.